फूल गेलं, आता कांदा पोसू दे : कुंडीतल्या वसंतकंदांच्या वर्षभराच्या नोंदी

आम्स्टलवेन, नेदरलँड्स

२० एप्रिल २०२४

कालच्या पावसानं नेग्रिता ट्युलिपच्या जांभळ्या पाकळ्या झडल्या आणि अंगणातला शेवटचा रंग गेला. म्हणून आज वही उघडली. फुलं असताना फोटो काढायला सगळेच येतात, खरं काम आता सुरू होतंय.

मागचं थोडं लिहून ठेवते. पहिल्या वर्षी फुलं गेल्यावर मी कुंड्या सरळ ओल्या कचऱ्याच्या डब्यात रिकाम्या केल्या. इथे बरेच जण तसंच करतात, सप्टेंबरात नवे कंद आणतात. दुसऱ्या वर्षी कंद ठेवले, पण घरी पाहुणे येणार होते म्हणून सगळी पात कात्रीनं छाटून अंगण नीटनेटकं केलं. पुढच्या वसंतात पानं भरपूर आली, फूल एकही नाही. आईला फोनवर सांगितलं तर ती जरा वेळ गप्पच राहिली. मग म्हणाली, "अगं, तू निफाडची ना? पात हिरवी हाये तोवर कांदा पोसतोय. तू त्याला पोसायच्या आधीच उपाशी मारलं की."

माझं सगळं लहानपण कांद्यात गेलं, तरी ट्युलिपचा कंद हातात घेतल्यावर मला कांदा आठवला नव्हता. या वर्षी त्याला कांद्यासारखंच वागवायचं ठरवलंय. अंगण तळमजल्यावर आहे, तीन मीटर बाय चार, तोंड नैर्ऋत्येला. वरच्या मजल्याच्या गच्चीमुळे एका बाजूला दीड मीटरची कोरडी वळचण मिळते. कुंड्या अशा :

१ आणि २ : तेत-आ-तेत जातीचे बुटके डॅफोडिल, प्रत्येकी १२ कंद. मार्चअखेरीसच फुलून गेले.
३ : हायसिंथ, डेल्फ्ट ब्लू, ५ कंद.
४ : नेग्रिता ट्युलिप, १२.
५ : रेड रायडिंग हूड, पट्ट्यापट्ट्यांच्या पानांचा बुटका ट्युलिप, १०.
६ : थरांची कुंडी. तळाला आपेलडोर्न ट्युलिप ७, मध्ये मस्कारी (द्राक्षाच्या घडासारख्या फुलांचा) १५, वर क्रोकस (केशराच्या कुळातला) १५.

२१ एप्रिल

डोकी खुडली. डॅफोडिलची सुकलेली फुलं मागच्या फुगीर बोंडासकट काढली, कारण त्या बोंडात बी धरायला लागलं की कंदाच्या वाट्याचं तिकडे जातं. देठ मात्र ठेवले. देठ हिरवा आहे, म्हणजे तोही पानासारखंच अन्न करतोय. ट्युलिपचंही तसंच, फक्त टोकाचं बोंड चिमटीत धरून मोडायचं, कट्ट असा आवाज होतो. हायसिंथच्या दांड्यावरच्या घंट्या बोटांनी खालून वर ओरबाडून काढल्या आणि दांडा उभा ठेवला.

पानांना चिकटलेल्या ओल्या पाकळ्या एकेक करून वेचल्या. त्या तशाच राहिल्या तर त्यांच्याखाली बुरशी धरते. ट्युलिपला बॉट्रायटिस नावाची बुरशी लागली की पानं भाजल्यासारखी दिसतात, आणि त्या मातीत निदान तीन वर्षं तरी पुन्हा ट्युलिप लावू नये.

डॅफोडिलच्या चिकानं मनगटाला खाज आली. पुढच्या वेळी हातमोजे. हायसिंथच्या कंदांनाही ते लागतातच.

२८ एप्रिल

सायकलनं लिस्सला जाऊन आलो, वीसेक किलोमीटर. कोइकेनहॉफच्या बागेत गेलो नाही, बाहेरच्या शेतांच्या कडेनं फिरलो. एका शेतात अर्धा पट्टा लालभडक आणि अर्धा नुसता हिरवा दिसला. लेक म्हणाली, फुलं कुणी चोरली का? जवळ गेल्यावर कळलं, यंत्र फिरवून डोकी उडवली होती आणि सऱ्यांमध्ये लाल पाकळ्यांचा खच पडला होता. शेतकरी फूल पूर्ण उमलू देतो ते जात शुद्ध आहे का, झाडाला रोग आहे का, हे बघण्यापुरतं. बघून झालं की डोकं उडवतो. त्याला फूल विकायचं नसतं, कंद विकायचा असतो.

त्या बांधावर उभं राहिल्यावर मला आमच्या शेतातले डेंगळे आठवले. कांद्याला डेंगळा आला, म्हणजे फुलाचा दांडा निघाला, की नाना तो वाकून मोडायचे. मोडला नाही तर कांदा मधून पोकळ आणि जाडमानेचा होतो, साठवणीच्या चाळीत टिकत नाही. इथला माणूस यंत्रानं जे करतो ते नाना हातानं करत होते.

३० एप्रिल

नेग्रितात एक फूल उशिरा उमललं. जांभळ्यावर पांढऱ्या फाटक्या रेषा, दिसायला फार देखणं. शेजारच्या डच आजींना दाखवलं, तर त्यांनी ताबडतोब मान हलवली आणि म्हणाल्या, काढून टाक. हा विषाणू असतो, मावा तो एका झाडावरून दुसऱ्यावर नेतो. १६३७ मध्ये हॉलंडमध्ये ज्या ट्युलिपांचे सौदे कोसळले, त्यांच्या पाकळ्यांवरच्या ज्वाळा याच रोगाच्या होत्या. कंद भोवतालच्या मातीसकट उपटून साध्या कचऱ्यात टाकला, ओल्या कचऱ्यात नाही. नेग्रिता आता ११.

४ मे

खत. टोमॅटोसाठी मिळतं ते द्रवखत, कारण त्यात पालाश जास्त असतो. नत्र जास्त झालं तर पानं माजतात आणि कंद मऊ राहतो. कांद्यालाही शेवटच्या टप्प्यात नाना युरिया बंद करायचे, तेच कारण. डबीवर दिलेल्या प्रमाणात, दर दहा दिवसांनी, पानं पिवळी पडायला लागेपर्यंत. कोरड्या मातीत खत ओतायचं नाही, आधी साधं पाणी.

पाऊस इतका आहे की पाणी घालायची वेळ क्वचित येते. पण वळचणीच्या कडेची १ नंबरची कुंडी कोरडी पडली होती, उचलून बघितली तर हलकी लागली. डॅफोडिलचं पुढच्या वर्षीचं फूल याच दिवसांत कंदाच्या पोटात बसतं. आता तहान लागली तर पुढच्या वर्षी नुसती पात. ही एक गोष्ट मी कुणालाही पुन्हा पुन्हा सांगेन, कारण फुलं गेलेल्या कुंडीकडे आपलं लक्षच जात नाही.

१२ मे

आज कोइकेनहॉफ या वर्षापुरतं बंद झालं. आमच्या अंगणात आता बघण्यासारखं खरंच काही नाही. डॅफोडिलची पात लोळायला लागली आहे. शेजारी कुणी तिच्या वेण्या घालून गाठी मारतात, नीट दिसावं म्हणून. मी मारणार नाही. दुमडलेल्या पानाला ऊन कमी मिळतं. जिरॅनियमच्या कुंड्या पुढे ओढून मागचा पसारा झाकला, ऊन मात्र अडू दिलं नाही.

आजींनी सुपरमार्केटातल्या तयार डॅफोडिलच्या तीन लहान कुंड्या आणून दिल्या. फेब्रुवारीत घरात फुलवलेल्या, आता टाकायला निघालेल्या. त्या म्हणाल्या, "बघ, तुझ्या दवाखान्यात जागा असेल तर." घरातल्या उबेत लवकर फुलवलेला कंद थकलेला असतो, त्याला पुढच्या हिवाळ्यात पुन्हा तसं फुलवू नये. तिन्ही मिळून कुंडी ७.

२६ मे

दुपारी ऊन आलं आणि डॅफोडिलच्या पातीवर खालच्या बाजूला भुंग्यासारखं काहीतरी घोंघावताना दिसलं. केसाळ, तपकिरी, पण पंख दोनच. भुंगा नव्हे, माशी. ही नार्सिससची, म्हणजे डॅफोडिलची, माशी पानांच्या बुडाशी, कंदाच्या मानेजवळ अंडी घालते आणि अळी मातीतून जाऊन कंदात शिरते. उन्हात, आडोशाच्या जागी ती जास्त येते, आणि माझं अंगण नेमकं तसंच आहे.

जुन्या मच्छरदाणीचा तुकडा १, २ आणि ७ वर चार काड्या रोवून बांधला. जिथे पात सुकून मानेभोवती भोकं पडली होती तिथे मूठभर माती टाकून बोटांनी दाबली. माशीला ती भोकं म्हणजे उघडं दार. उशीर झाला असेल, पण बांधलं.

२ जून

डॅफोडिलची पात पूर्ण पिवळी. हलक्या हातानं ओढली, आपसूक सुटून आली. फुलं गेल्यापासून मोजले तर साधारण नऊ आठवडे. किमान सहा आठवडे पात ठेवावी म्हणतात, मला वाटतं आठवडे मोजण्यापेक्षा हातानं ओढून बघावं. सुटली तर तिचं काम झालं, अडली तर अजून कंदाला काही देतेय.

९ जून

हायसिंथची कुंडी वाईट निघाली. बाकीच्या कुंड्यांखालच्या बश्या मी एप्रिलमध्येच काढल्या होत्या, हिची राहिली. बशीत पाणी साचून होतं. एक कंद बोटानं दाबला तर आत गेला, आंबूस कुजका वास. उरलेले चार टणक आहेत. कुजका टाकला, चौघांना उकरून, मुळं न तोडता, नव्या कोरड्या मिश्रणात वळचणीला बसवलं. तीन भाग कुंडीची माती, एक भाग जाडी वाळू.

चूक माझीच आणि साधी होती. सगळ्या बश्या काढल्या असं मनात धरून चालले होते, मोजल्या नव्हत्या.

१६ जून

ट्युलिप काढले.

हा दिवस मी महिनाभर पुढे ढकलत होते. कांद्याच्या काढणीला आमच्याकडे माना पडायची वाट बघतात. निम्म्या शेताच्या माना पडल्या की काढणी. ट्युलिपची मान तशी पडत नाही, पण पानं पिवळी होऊन कागदासारखी वाजायला लागतात आणि देठ वाकवला तर मोडत नाही, दोरीसारखा लवतो. तो दिवस आज होता.

काढायचे का, हा प्रश्न मला आधी नीट समजला नव्हता. ट्युलिप मूळचा मध्य आशियातल्या डोंगरांचा. तिथे हिवाळा कडक आणि उन्हाळा रखरखीत कोरडा. कंद त्या कोरड्या उबेत निजतो आणि झोपेतच पुढचं फूल तयार करतो. तुर्कस्तानमार्गे तो युरोपात आला, १५९३ मध्ये वनस्पतीशास्त्रज्ञ क्लुसियस लायडनच्या वनस्पती उद्यानात आला आणि पुढच्या वसंतात त्याच्याकडे ट्युलिप फुलला. पण लायडनचा पाऊस काही बदलला नाही. म्हणून इथला शेतकरी जून-जुलैत सगळे कंद काढून कोरड्या हवेशीर गोदामात ठेवतो. कुंडीत तर पाणी आणखी साचतं.

लेकीला घेऊन वर्तमानपत्रावर कुंडी ४ उलटी केली. लावलेला कंद सापडतच नाही. त्याच्या जागी तपकिरी टरफलांचा चोळामोळा आणि त्यात नवे कंद दाटीनं बसलेले. ट्युलिपचा कंद एकदा फुलला की संपतो, त्याच्या पोटातली पोरं पुढे चालतात. लेकीनं विचारलं, "मग आई कुठे गेली?" मी तिला वाळलेलं टरफल हातात दिलं. तिनं ते उन्हाकडे धरून बघितलं आणि खिशात ठेवलं.

एक खूण सापडली, ती कुठे वाचली नव्हती. फुललेल्या झाडाचा मोठा कंद एका बाजूनं सपाट असतो आणि वाळका देठ त्या सपाट बाजूला लागून उभा असतो. जे झाड फुललं नाही, नुसतं एक रुंद पान आलं, त्याचं पान कंदाच्या टोकातूनच निघालेलं दिसतं. म्हणजे काढताना कळतं की कोण फुललं होतं.

आणखी एक. कुंडीच्या तळाशी, पाण्याच्या भोकाजवळ, दोन चिमुकले कंद पांढऱ्या नळीच्या टोकाला लोंबत होते. लहान कंद स्वतःला असे खोल खाली उतरवतात. जमिनीत असते तर आणखी खोल गेले असते, इथे मातीच्या भांड्याला थटले.

शिवणाच्या टेपनं घेर मोजला. नेग्रिता : १० सें.मी. आणि वरचे ७, बाकी १६ त्याहून लहान, काही तर आपल्या चिंगळी कांद्याएवढे. आपेलडोर्न : मोठे ६, लहान ९. विकत घेताना सगळे १२ सें.मी.चे होते. कुंडीत कंद पोसतो, पण शेतातल्यासारखा नाही, हे मान्य करावं लागेल.

आपेलडोर्न काढायला थरांची कुंडी अख्खी मोडावी लागली. क्रोकसचे गड्डे (जुन्या चपट्या गड्ड्यावर नवा बसलेला, दोन बिस्किटं एकावर एक ठेवल्यासारखा) आणि मस्कारीचे लहान लहान कंद सगळे एकमेकांत मिसळले. एका आपेलडोर्नला खुरपं लागलं. थरांची कुंडी फुलताना सुंदर दिसते, पण ज्याला कंद जपायचे आहेत त्यानं ती लावू नये. एका कुंडीत एकच जात, म्हणजे प्रत्येकाला आपापल्या वेळी झोपवता येतं.

कुंडी ५ मुद्दाम काढली नाही. रेड रायडिंग हूडसारख्या बुटक्या जाती जागेवर जास्त टिकतात, म्हणून ती तशीच वळचणीला, पाण्याचा थेंब लागणार नाही अशी ठेवली. काढलेले विरुद्ध न काढलेले, बघू.

१९ जून

कंद सावलीत, जाळीच्या ट्रेमध्ये वाळतायत. आईला व्हिडिओवर दाखवले. तिनं पहिलं विचारलं, "उन्हात नाही ना ठेवलेस? आणि पात लगेच ओढून काढू नको, सुकू दे मानेत." आमच्याकडे काढलेला कांदा शेतात पसरताना एका ओळीची पात दुसऱ्या ओळीच्या कांद्यावर येईल असं मांडतात, कांदा उन्हानं भाजू नये म्हणून. मान बंद झाली की मग नाळ ठेवून पात कापायची. मान ओली असताना कापली तर तिथूनच कूज शिरते.

३० जून

माती झाडली, सुटी टरफलं काढली, घट्ट बसलेली ठेवली. लहान कंद आजींना दिले, त्यांच्या मुलाच्या मोठ्या बागेत कोपऱ्यात पुरतील आणि दोन-तीन वर्षं पोसू देतील.

मोठे दोन जाळीच्या पिशव्यांत, सामानाच्या खोलीत टांगले. तापमान २१ अंश. नानांची चाळ जमिनीपासून दीड-दोन फूट उचललेली होती, खालून वारा खेळायचा, बाजूंना बांबूच्या पट्ट्या. ते रोज सकाळी चाळीच्या कडेनं नुसते चालत जायचे आणि वासावरून सांगायचे, इथे आत एक सडलाय. मग तेवढी थप्पी उलगडून तो एक काढायचा, नाहीतर शेजारचे दहा जातात. मीही दर रविवारी पिशवीला नाक लावणार आहे.

पिशव्यांवर मराठीत आणि डचमध्ये मोठ्या अक्षरांत लिहिलं : फुलाचे कंद, खायचे नाहीत. नवरा स्वयंपाक करतो, घाईत हात कुठेही जातो. डॅफोडिलचा कंद तर सोलल्यावर हुबेहूब कांदा दिसतो आणि तो विषारी आहे. माणसालाही, कुत्र्या-मांजरालाही. आमच्या कांद्याच्या टोपलीपासून या पिशव्या एका दाराच्या पलीकडे आहेत आणि तिथेच राहतील.

२१ जुलै

सगळं ठीक. टणक.

३० ऑगस्ट

खुरपं लागलेला आपेलडोर्न ब्लेडनं उभा कापला. कंदात फूल तयार झालंय का, हे इथले व्यापारी असंच बघतात.

पांढऱ्या जाड पदरांच्या मधोमध, तांदळाच्या दाण्याएवढी एक गोष्ट. आजोबांच्या घड्याळाची दुरुस्तीची काच माझ्याकडे आहे, ती डोळ्याला लावली. सहा पाकळ्या, अजून हिरवट-पांढऱ्या. त्यांच्या आत सहा पुंकेसर. आणि मधोमध तीन कोनांचा गर्भकोश, टोकाला तीन ओठ फाकलेले. जूनमध्ये जेव्हा हा कंद काढला तेव्हा यातलं काहीच तयार नव्हतं. या दोन महिन्यांत, अंधारात, पाण्याशिवाय, मातीशिवाय, एका टांगलेल्या पिशवीत त्यानं हे केलं. मेच्या पिवळ्या पडत चाललेल्या पानांनी साठवलेल्यातून केलं.

लेकीला, नवऱ्याला, मग आईला फोनवर, सगळ्यांना दाखवलं. आईनं फोन इतका जवळ धरला की तिचा फक्त डोळा दिसत होता.

१४ सप्टेंबर

डॅफोडिलच्या १ आणि २ उकरून नव्या मिश्रणात बसवल्या, कारण कंदांची गर्दी झाली होती. डॅफोडिलचा कंद ट्युलिपसारखा संपत नाही, तोच राहतो आणि कडेला पिल्लं धरतो. २४ चे लहानमोठे मिळून ३७ झाले. दोन मऊ लागले. एक कापला : आत काळपट भुगा आणि मधोमध एकच गलेलठ्ठ पिवळट अळी. माशी मच्छरदाणीच्या आधीच येऊन गेली होती. दोन्ही कंद पिशवीत बांधून कचऱ्यात. ३५ उरले. पुढच्या वर्षी जाळी एप्रिलअखेरीसच.

लावायची खोली : कंदाच्या उंचीच्या दुप्पट-तिप्पट माती डोक्यावर.

२२ सप्टेंबर

मस्कारीला पानं आली, हिवाळ्याच्या तोंडावर. ती तशीच यायची असतात, कापू नये.

६ ऑक्टोबर

आज एक मोठी चूक सापडली. मित्रमंडळींबरोबर बागेतून वेचून आणलेली एल्स्तार सफरचंदांची पेटी तीन आठवड्यांपूर्वी नवऱ्यानं सामानाच्या खोलीत ठेवली, थंड जागा म्हणून. ती नेग्रिताच्या पिशवीच्या बरोबर खाली होती. पिकणाऱ्या सफरचंदातून इथिलीन वायू निघतो. तो कंदाला लागला तर आत तयार झालेली कळी जळते, बाहेरून कंद मात्र छान टणक दिसतो. मी त्याला कधी सांगितलंच नव्हतं, आणि दारावर चिठ्ठीही नव्हती.

आपेलडोर्नची पिशवी खोलीच्या दुसऱ्या टोकाला, खिडकीच्या फटीजवळ होती. सफरचंदं लगेच बाहेर काढली, खिडकी दिवसभर उघडी. आता करण्यासारखं काही नाही. दोन्ही पिशव्यांवर कोण कुठे टांगलं होतं ते लिहून ठेवलं.

१० नोव्हेंबर

ट्युलिप लावले. डॅफोडिल सप्टेंबरात, ट्युलिप मात्र माती गार झाल्यावर, तोवर बुरशीचा जोरही कमी होतो. नेग्रिता ७, आपेलडोर्न ५, वेगवेगळ्या कुंड्यांत, १५ सें.मी. खोल, तळाला वाळू. माती पूर्ण नवी. जुनी ट्युलिपची माती जिरॅनियमकडे गेली. कंदाला हळूच दाबून बसवायचं, पिळून घुसवायचं नाही, बुडाची चकती दुखावते. तिथूनच मुळं फुटतात.

रेड रायडिंग हूडच्या कुंडीला पाच महिन्यांनी पहिलं पाणी.

४ जानेवारी २०२५

रात्री गारठून गेलं. जमिनीत कंदाला थंडी हवीच असते, बारा ते सोळा आठवडे. पण कुंडीला चारी बाजूंनी गार वारा लागतो आणि मातीचा गोळाच्या गोळा गोठतो. सगळ्या कुंड्या वळचणीला एकमेकींना चिकटवून, भोवती तरटाचं पोतं गुंडाळलं. खाली विटेचे तुकडे, पाणी निघून जायला. बश्या : मोजल्या, शून्य.

१६ फेब्रुवारी

हिरवी टोकं. क्रोकसची तीन फुलं उघडी.

१६ मार्च

तेत-आ-तेत. ३५ कंदांतून २९ देठ, काहींवर दोन-दोन फुलं. आजींनी माझ्या दवाखान्यात दिलेल्या ७ नंबरात मात्र तीनच फुलं आणि भरपूर पात. त्यांना एवढ्यानंही आनंद झाला. ती कुंडी अजून एक वर्ष खत-पाणी घेऊन बघणार, यंदा पातच खरी.

३ एप्रिल

रेड रायडिंग हूड : १० पैकी ८ फुलले, कुंडी एकदाही न उकरता. हायसिंथ चारही आले. दांडे गेल्या वर्षीपेक्षा विरळ, घंट्या मोकळ्या मोकळ्या. दुकानातल्या गच्च दांड्यापेक्षा मला हे रूप आवडलं, रानातल्यासारखं. वास तोच.

२० एप्रिल

आपेलडोर्न : ५ पैकी ५. लालभडक, एक जरा आखूड देठाचं.

नेग्रिता : ७ पैकी ३ फुललं. एकाला नुसतं रुंद पान. आणि तिघांच्या पानांच्या मध्ये, देठाच्या टोकाला, कागदी पांढरी, वाळून चिमटलेली कळी. बोटांनी उलगडली तर आत सहाही पाकळ्या होत्या, पातळ, रंग न आलेल्या. दोन्ही पिशव्या एकाच खोलीत, एकाच तापमानात होत्या. जात वेगळी आहे, तेव्हा दोष सगळा सफरचंदाचाच असं ठामपणे म्हणता येणार नाही, पण वाळकी कळी एकाही आपेलडोर्नला नाही. नवऱ्याला त्या तीन कळ्या दाखवल्या. त्यानं काही न बोलता जाऊन सामानाच्या खोलीच्या दारावर चिठ्ठी लावली.

वाळकी कळी आलेल्यांची पानं मात्र ठणठणीत हिरवी आहेत. म्हणजे कंद पोसेल.

२७ एप्रिल

या वर्षी पाऊस नाहीच. कुंड्या रोज उचलून बघतेय, एक दिवसाआड पाणी. मच्छरदाणी बांधून झाली. डोकी खुडली : आपेलडोर्न पाच, नेग्रिता तीन, आणि त्या तीन वाळक्या कळ्याही.

संध्याकाळी आईचा फोन. उन्हाळ कांदा काढून झाला, पात कापायला बायका लागल्यात, नाना चाळीच्या कडेला खुर्ची टाकून बसलेत. तिनं विचारलं, "तुझी पात कशी हाये?" मी फोन फिरवून कुंड्या दाखवल्या. हिरवीगार, अजून सहा-सात आठवडे तरी.